जनुक शाबूत, तरी मधुमेहाची जोखीम कशी?

फोंड्याहून एका ३४ वर्षांच्या शिक्षिकेने विचारले आहे: "आजीला, वडिलांना आणि दोन्ही काकांना मधुमेह. म्हणून मी दोन जनुकीय चाचण्या केल्या. रक्ताच्या चाचणीचा अहवाल म्हणतो, मधुमेहाशी संबंधित जनुकांत रोगकारक बदल आढळला नाही. लाळेच्या चाचणीचा अहवाल म्हणतो, टीसीएफ७एल२, दोन प्रती, जोखीम वाढलेली. यातला खोटा कुठला? आणि जनुक बिघडलेलेच नसेल तर आजार घराण्यात उतरतो कसा?"

दोन्ही अहवाल खरे आहेत, ताई. त्यांनी तुमच्या डीएनएच्या वेगवेगळ्या जागा पाहिल्या, म्हणून उत्तरे वेगळी आली. मी २७ वर्षे मडगावात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आहे आणि हा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो. फाईल पुढे सरकवून माणसे विचारतात, "दोतोर, म्हजें जीन बरें आसा मूं?" ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटांत सांगितलेले नीट पोचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्या डीएनएत सुमारे २०,००० जनुके प्रथिने कशी बनवायची ते सांगतात. हा सगळा मजकूर एकूण डीएनएच्या जेमतेम दोन टक्क्यांत मावतो. तुमच्या रक्ताच्या चाचणीने मुख्यतः तेवढाच भाग वाचला आणि त्यात चूक सापडली नाही. पण जनुक धड असणे वेगळे आणि ते कुठे, कधी, किती चालते हे वेगळे. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए तेच असते. कोणते जनुक किती चालू आहे, यावरून एक पेशी यकृताची होते आणि दुसरी डोळ्याची. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. त्या जनुकावरून किती आरएनए (प्रथिन बनवायला काढलेली जनुकाची तात्पुरती नक्कल) उतरवला जातो, हे मोजले की अभिव्यक्तीचा अंदाज येतो. हे प्रमाण ठरवणाऱ्या कळा, म्हणजे स्विच, उरलेल्या ९८ टक्क्यांत विखुरलेल्या आहेत. काही जनुकाच्या उंबऱ्यावरच असतात, काही डीएनएची लाखो अक्षरे, म्हणजे त्याचे रासायनिक घटक, दूर. तिथले एखादे अक्षर माणसागणिक वेगळे असते आणि त्यामुळे तेच निर्दोष प्रथिन एकाच्या शरीरात थोडे जास्त, दुसऱ्याच्या शरीरात थोडे कमी बनते.

माझे आजोळ चोडणचे, खाजन शेतीचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतीचे. खाजनात मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणदाराचे, दार भरतीला पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. शेत चांगले, बियाणे चांगले, बांध धड. पण दाराची फळी बोटभर झिजली की दर भरतीला थोडे खारे पाणी आत झिरपते. एका भरतीने काही होत नाही. काही वर्षांनी मात्र त्या कोपऱ्यातले भात पिवळे पडू लागते. नेहमी दिसणारा मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांची आनुवंशिक जोखीम बहुतांशी या प्रकारची आहे. हजारो-लाखो लोकांचे डीएनए ताडून आजारांशी जुळणाऱ्या ज्या खुणा गेल्या वीस वर्षांत सापडल्या, त्यांतल्या दर दहांपैकी नऊच्या आसपास प्रथिनांच्या मजकुराबाहेर आहेत.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका मुलीच्या उदाहरणाने सांगतो. २२ वर्षांची मुलगी, हरतालिकेचा निर्जळी उपवास केलेला. चवथीच्या सकाळी आरशात डोळे पिवळे दिसले. घरात घबराट. तेल-तूप बंद, माशांचा वासही नको, आणि गावठी काविळीचे औषध तीन दिवस घेऊन झाल्यावर आईने तिला माझ्याकडे आणले. खिडकीच्या उजेडात तिची खालची पापणी ओढून पाहिली: पिवळटपणा होता, पण फिका. लघवीचा रंग स्वच्छ, यकृत हाताला लागत नव्हते. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारे द्रव्य, ३.४, त्यातले जवळजवळ सगळे अप्रत्यक्ष, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेले. यकृताला इजा झाली की वाढणारे एसजीपीटी २२, म्हणजे ठीक. हिमोग्लोबिन चांगले, लाल पेशी फुटत असल्याचे कुठलेही चिन्ह नाही. मी विचारले, याआधी असे झाले होते का? मुलगी म्हणाली, "बारावीच्या परीक्षेत दोन दिवस नीट जेवले नव्हते, तेव्हा मैत्रिणीने डोळे बघून विचारले होते." निदान त्या वाक्यातच मिळाले. ही गिल्बर्ट अवस्था.

बिलिरुबिन विरघळवून बाहेर टाकण्याजोगे करणारे एन्झाइम यूजीटी१ए१ नावाच्या जनुकावरून बनते. या जनुकाच्या उंबऱ्यावर, प्रथिनाच्या मजकुराच्या आधी, टीए टीए अशी दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते. बहुतेकांत ती सहा वेळा येते. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. दोन्ही प्रतींत ही जोडी सात वेळा आली तर जनुक चालू करणारी यंत्रणा तिथे नीट बसत नाही आणि एन्झाइम सुमारे एक तृतीयांशच बनते. जे बनते त्यात दोष काहीच नसतो. एरवी तेवढे पुरते. उपवासात, तापात, मोठ्या श्रमात बिलिरुबिन वाढते आणि तेवढे एन्झाइम कमी पडते. शंभरातल्या पाच-दहा जणांत ही अवस्था सापडते आणि यकृताला तिचा धोका नाही. मी त्या मुलीची सगळी औषधे बंद केली आणि घरी जाऊन जेवायला सांगितले. फाईलवर मात्र लाल शाईने लिहून ठेवले, कारण पुढे कधी आतड्याच्या कर्करोगावरचे इरिनोटेकान द्यायची वेळ आली, तर याच एन्झाइमच्या कमतरतेमुळे ते औषध तिच्या अंगात साठेल आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतील. एकच फरक, उपवासाला निरुपद्रवी आणि एका औषधापुढे गंभीर. जोखमीबद्दल बोलताना "कशाची जोखीम, कोणत्या परिस्थितीत" हे मी नेहमी विचारतो, त्याचे कारण हेच.

दुधाचेही असेच आहे. लॅक्टेजचे जनुक सगळ्यांकडे शाबूत असते. लहानपणी ते चालू असते आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत वय वाढते तसे मंदावते. ज्यांना मोठेपणीही पेलाभर दूध पचते, त्यांच्यात एक अक्षर बदललेले असते. ते लॅक्टेजच्या जनुकात सापडत नाही. सुमारे १४,००० अक्षरे अलीकडे, एमसीएम६ या शेजारच्या भलत्याच जनुकाच्या पोटात आहे. भारतात वायव्येकडे हा बदल जास्त आढळतो, दक्षिणेकडे-पूर्वेकडे कमी. आपल्याकडे चहापुरते दूध सोसणारे आणि पेला प्यायला की पोट धरणारे पुष्कळ; त्यांना मी आजारी म्हणत नाही.

तिसरे उदाहरण मलेरियाचे, कारण ऊतीचा, म्हणजे जनुक कोणत्या अवयवाच्या पेशींत चालते याचा, मुद्दा त्याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. गोव्यात मलेरिया म्हणजे बहुतेक वेळा व्हायवॅक्स. हा परजीवी लाल पेशीत शिरताना तिच्यावरच्या डफी नावाच्या प्रथिनाला पकडतो. पश्चिम आफ्रिकेत जवळपास सगळ्यांच्या लाल पेशींवर हे प्रथिन नसते आणि तिथे व्हायवॅक्स फार क्वचित आढळतो. त्यांचे डफी जनुक मोडलेले नाही. त्याच्या उंबऱ्यावर एक अक्षर वेगळे आहे, जिथे रक्तपेशी घडवणारा गाटा१ हा घटक एरवी येऊन बसतो. तो बसू शकत नाही, म्हणून लाल पेशींत जनुक बंद. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मात्र तेच जनुक, तेच प्रथिन, व्यवस्थित चालू. १९९५ साली हे उलगडले. भारतीयांत हा बदल विरळ आहे, म्हणून बांधकामावरच्या मजुरांना आपण रक्ततपासणीची आरोग्यकार्डे देत बसतो.

आता तुमच्या टीसीएफ७एल२ या जनुकाकडे येतो. २००६ साली आइसलँडच्या संशोधकांनी ही खूण शोधली. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांच्या अभ्यासाने ती भारतीयांतही लागू असल्याचे दाखवले. हे अक्षर जनुकाच्या आत असले, तरी प्रथिन बनताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागात आहे. म्हणजे प्रथिनाच्या रचनेत फरक शून्य. पण स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत हा भाग उघडा, वापरात असलेला असतो आणि जोखमीचे अक्षर असलेल्यांत इन्सुलिन स्रवण्याची ताकद थोडी कमी भरते.

हे "थोडी" किती, ते समजून घ्या. जोखमीच्या अक्षराच्या एका प्रतीमागे जोखमीचे गुणोत्तर (आजार होणारे आणि न होणारे यांच्या प्रमाणाची तुलना) सुमारे १.४, दोन प्रती असल्या तर दुपटीच्या आसपास. अहवालात "दुप्पट" वाचले की काळजात धस्स होते. म्हणून एक कच्चा हिशोब मांडतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, ही प्रत मुळीच नसलेल्या १०० गोंयकारांपैकी २२ जणांना मधुमेह होतो. मग दोन प्रती असलेल्या १०० पैकी ३५ जणांना होईल. म्हणजे तुमच्यासारख्या १०० पैकी ६५ जणांना होणार नाही आणि तुमच्यासारखे अक्षर नसलेल्यांतही २२ जणांना होईलच. एका खुणेवरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. घराण्याचा इतिहास आजही या एकट्या अक्षरापेक्षा जास्त बोलतो, कारण त्यात शेकडो अशा खुणा, स्वयंपाकघर, झोप, कामाची पद्धत सगळेच एकत्र मोजले गेलेले असते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आपली डीएनएतली अक्षरे दोन पिढ्यांत बदललेली नाहीत. आजीच्या पिढीत ज्या वयात पाचजण सापडायचे त्या वयात आज रांग लागते, ती त्याच अक्षरांवर वेगळ्या भरतीचे पाणी चढल्यामुळे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने तुलनेने भरलेली असतात. म्हणजे जनुकांच्या चालण्याची घडी आईच्या पोटातच बसायला लागते. जनुकीय फरक आणि जगणे यांना दोन वेगळ्या पारड्यांत टाकणारे लेख वाचले की मला वाईट वाटते. दोघेही शेवटी अभिव्यक्तीवरच येऊन भेटतात.

तुम्ही विचाराल, मग सरळ माझी अभिव्यक्तीच का मोजत नाही? रक्त काढा, आरएनए मोजा, झाले. अडचण ऊतीची आहे. रक्तातली पेशी स्वादुपिंडाबद्दल फारसे सांगू शकत नाही. पहिल्या गुणसूत्रावर एक अक्षर आहे, ज्याने यकृतात सॉर्ट१ हे जनुक जास्त चालते आणि एलडीएल कोलेस्टेरॉल कमी राहते. २०१० मध्ये याची यंत्रणा उलगडली. यकृतात जो फरक ठळक दिसतो, तो रक्तपेशींत शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मधुमेहाचे तर आणखी अवघड. स्वादुपिंडाचा तुकडा मिळाला तरी त्यात इन्सुलिनच्या बेटांचा, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचा, वाटा फक्त एक-दोन टक्के. बाकीच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या गलक्यात त्यांचा आवाज बुडून जातो.

ही अडचण ओलांडायला अमेरिकेत जीटेक्स हा प्रकल्प उभा राहिला. मृत्यूनंतर कुटुंबीयांनी दिलेल्या देहांतून मेंदू, यकृत, हृदय, त्वचा असे नमुने घेऊन प्रत्येकातला आरएनए मोजला आणि डीएनएशी ताडला. २०२० च्या अंतिम विश्लेषणात ८३८ दाते आणि ४९ ऊती होत्या. ज्या अक्षराने एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती वरखाली होते त्याला ईक्यूटीएल म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक जनुकाला कुठल्या ना कुठल्या ऊतीत असे एखादे अक्षर सापडले. आपल्या जवळच्या माणसाच्या निधनाच्या घडीला होकार देणाऱ्या त्या कुटुंबांचे ऋण मोठे आहे. रात्री उशिरा एखाद्या रुग्णाची खूण मी जीटेक्सच्या तक्त्यात शोधतो, तेव्हा ते मनात असते.

पण इथेच एक सापळा आहे, आणि त्यात तज्ज्ञही अडकले. २००७ मध्ये लठ्ठपणाशी निगडित सर्वांत ठळक खूण एफटीओ या जनुकाच्या आत सापडली. साहजिकच सगळे एफटीओच्या मागे लागले. २०१४-१५ मध्ये कळले की त्या जागची कळ लाखो अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांना चालवते, आणि चरबीच्या पेशी ऊर्जा साठवतील की जाळतील ते त्यावर अवलंबून असते. मानशीचे दार एका शेताच्या कडेला, पाणी जाते पलीकडच्या शेतात. दुसरा सापळा सोबतीचा. डीएनएतली जवळजवळची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्याने उतरतात. आजाराशी जुळणारे अक्षर आणि अभिव्यक्तीशी जुळणारे अक्षर एकाच गठ्ठ्यात असले, तरी खरे काम करणारी दोन वेगवेगळी असू शकतात. दोन्ही खुणांमागे एकच अक्षर आहे का, हे गणिताने तपासावे लागते आणि शेवटी पेशीत ते एकच अक्षर बदलून पाहावे लागते. तोवर "या जनुकामुळे आजार होतो" असे म्हणू नये. उलटा गोंधळही होतो: मधुमेह झाल्यावर वाढलेल्या साखरेनेच शेकडो जनुकांची अभिव्यक्ती बदलते. रुग्णांत आणि निरोग्यांत दिसलेला फरक कारण आहे की परिणाम, हे नुसत्या आरएनएवरून कळत नाही. जन्मापासून न बदललेले अक्षर हाताशी असेल तरच दिशा ठरवता येते.

आजारांच्या बऱ्याच खुणांना जुळणारा ईक्यूटीएल अजून सापडलेलाच नाही. नमुने बहुतेक प्रौढांचे आणि विश्रांतीतल्या ऊतींचे; काही कळा फक्त गर्भात चालतात, काही जंतुसंसर्ग झाल्यावरच. शिवाय ज्या जनुकाचे प्रमाण जरासे हलले तरी शरीराला परवडत नाही, तिथले ठळक फरक निसर्गाच्या निवडीने पिढ्यांमागून पिढ्या गाळून टाकले आहेत. आजाराच्या दृष्टीने महत्त्वाची जनुके नेमकी याच गटात जास्त. आणि जीटेक्सचे सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे. जीनोमइंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० जणांचे डीएनए वाचले, ती माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांना खुली झाली, ही फार चांगली गोष्ट आहे. पण भारतीय यकृत, स्वादुपिंड, चरबी यांतल्या अभिव्यक्तीचा तेवढा मोठा संग्रह अजून व्हायचा आहे. तुमच्या लाळेच्या अहवालात "आनुवंशिक जोखीम ८७ वा शतमक" असे काही छापले असेल, तर तो शतमक कोणत्या लोकसंख्येवर बेतला आहे, हे त्या कंपनीला लेखी विचारा.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग काय, असे कुणी विचारले तर मी सिकलसेल आणि थॅलेसेमियाकडे बोट दाखवतो. काहींच्या रक्तात मोठेपणीही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन टिकून राहते आणि त्यांचा आजार सौम्य असतो. का, ते शोधताना बीसीएल११ए या जनुकाची खूण मिळाली. ते जनुक गर्भातले हिमोग्लोबिन बंद करते. २०१३ मध्ये कळले की या खुणेची अक्षरे एका अशा कळेत आहेत जी फक्त लाल पेशींच्या वंशातच काम करते. तीच कळ रुग्णाच्या मूळपेशींत कापून टाकणारा कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दर तीन आठवड्यांनी मुलाला रक्त चढवायला घेऊन येणाऱ्या आईला हा आकडा सांगताना माझा आवाज बसतो, पण वाट सापडली आहे हे मी सांगतोच.

तुमच्यासाठी मात्र गोष्ट साधी आहे. आणखी जनुकीय चाचण्यांवर पैसे घालू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) या महिन्यात करा, ठीक असली तरी दरवर्षी करा. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करा. आपल्या बांध्याला वजनापेक्षा हा आकडा जास्त खरा. गरोदरपण मनात असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना घराण्याचा मधुमेह सांगा आणि ग्लुकोजची चाचणी लवकर करून घ्या. जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे इन्सुलिनची गरज खरोखर कमी करते, आणि तुमच्या बाबतीत कमी भरतो तो इन्सुलिनचा पुरवठाच.

एक अपवाद तपासायचा राहतो. एकाच जनुकाने होणारा मोडी नावाचा मधुमेह असतो. त्यातल्या जीसीके या जनुकाच्या प्रकारात दोन प्रतींपैकी एक निकामी, म्हणजे त्या जनुकाच्या प्रथिनाचा पुरवठा निम्म्यावर. उपाशीपोटीची साखर जन्मभर थोडी चढलेली राहते आणि सहसा औषध लागत नाही. एचएनएफ१ए या जनुकाच्या प्रकारात सल्फोनिलयुरियाच्या छोट्या गोळीने इन्सुलिनची सुई सुटू शकते. तुमच्या चाचणीत यातले काही निघालेले नाही, पण चाचणी तुमची झाली, वडिलांची नाही. म्हणून येताना एवढे विचारून या: आजीला, वडिलांना आणि दोन्ही काकांना साखर पहिल्यांदा निघाली तेव्हा प्रत्येकाचे वय काय होते, आणि तेव्हा ते अंगाने कसे होते. यातला एखादा जरी पंचविशीत, सडपातळ असताना निघाला असेल, तर मला रक्त त्यांचे हवे आहे.